नवी यंत्रे नंतर. आधी सावली, मुरूम आणि बेअरिंग

प्रति,
नागपुरातील उद्याने, मैदाने आणि खुल्या व्यायामशाळांची खरेदी आणि देखभाल ज्यांच्या सहीने होते ते सर्व अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि ले-आउट समित्यांचे पदाधिकारी

विषय : खुल्या व्यायामशाळा नागपूरच्या उन्हात आणि काळ्या मातीत टिकाव्यात यासाठी करायची कामे

महोदय, महोदया,

येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात खुल्या व्यायामशाळांसाठी जी रक्कम धराल, तिच्यातून एकही नवे यंत्र घेऊ नका, ही आमची विनंती आहे. आहेत ती यंत्रे चालती करा, त्यांच्यावर सावली घाला, खालचा पाया सुधारा आणि उद्यानाचे कुलूप पहाटे लवकर उघडा. आमच्यापैकी कोणी व्यायाम शिकवतात, कोणी फॅब्रिकेशनची कामे घेतात, कोणी गुडघे आणि पाठदुखीच्या रुग्णांकडून व्यायाम करवून घेतात. त्यामुळे पत्र लांबले आहे आणि त्यात मापे बरीच आहेत. ही मापे निविदेत जशीच्या तशी उतरवून घेतलीत तरी चालेल.

घोळ मुळातच आहे. कॅटलॉगातली यंत्रे, त्यांवरचा रंग, उद्यानाच्या वेळा, सगळे जणू समुद्रकाठच्या शहरासाठी बेतलेले असते. मुंबईत किंवा विशाखापट्टणमला दुपारनंतर खारे वारे सुटतात, पारा 33-34 च्या फारसा वर जात नाही आणि संध्याकाळी सहाला लोक किनाऱ्यावर व्यायामाला निघतात. यंत्राचा तिथला वैरी म्हणजे हवेतले मीठ, म्हणून सगळा भर जस्ताच्या मुलाम्यावर. नागपूर किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंचीवर आहे. इथे मिठाने काही गंजत नाही. इथले वैरी वेगळे : ऊन, धूळ आणि पायाखालची जमीन. मे महिन्यातले सरासरी कमाल तापमान 42-43 अंश, आणि 2013 च्या मेमध्ये ते 47.9 वर गेले होते. 2024 च्या मेअखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले तेव्हा देशभर गवगवा झाला, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. ठीक आहे, 56 हा बिघाड होता. पण 45 खरे होते, आणि त्यासाठीही आपल्या उद्यानांत काही सोय नव्हती.

उन्हाबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली तर पुढचे निर्णय सोपे जातील. तापमान 43 आणि आर्द्रता 15 टक्के असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर 23 अंशांच्या आसपास थांबतो. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला तोच थर्मामीटर 28 च्या वर जातो. घाम वाळून अंग किती थंड होईल हे या ओल्या फडक्याच्या आकड्यावर ठरते. म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरात, सावली आणि पाणी असेल तर, घाम आपले काम चोख करतो. आपले कूलर चालतात आणि मुंबईत चालत नाहीत, तेही याच कारणाने. धोका दोन ठिकाणी आहे. एक, अंगावर थेट पडणारे ऊन. दुसरा, घाम इतक्या पटकन वाळतो की तो आला हेच कळत नाही. जोरकस व्यायामात तासाला एक लिटर पाणी सहज जाते आणि बनियन मात्र कोरडे. माणसाला वाटते, घामच आला नाही तर पाणी कशाला प्यायचे?

आता मृगाचा पाऊस पडल्यानंतरचे बघा. पारा 35 वर उतरतो, लोक म्हणतात गारवा आला, आणि दोन महिने घरी बसलेली मंडळी एकदम मैदानावर येतात. पण आर्द्रता 60 टक्के झालेली असते आणि ओल्या फडक्याचा आकडा 28 च्या पुढे, थेट मुंबईच्या बरोबरीने. त्या दिवसांत कूलरचाही उपयोग होत नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. व्यायामाचेही तसेच. पाऊस सुरू झाल्यावरचे पहिले दोन आठवडे धावण्याचा आणि यंत्रांवरचा वेळ निम्मा ठेवावा, असा फलक उद्यानाच्या दारावर लागलाच पाहिजे. बदललेल्या हवेची शरीराला सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, आणि सलग दोन-तीन आठवडे बाहेर पडले नाही तर ती सवय मोडते.

वेळांचे काम बिनखर्चाचे आहे, म्हणून ते आधी. मे महिन्यात पारा सर्वांत खाली असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी, 28-30 अंशांवर. नऊ वाजेपर्यंत तो 35 ओलांडतो. संध्याकाळी सातला सूर्य मावळलेला असतो, तरी 38 च्या आसपास असतोच, शिवाय दिवसभर तापलेले गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) आणि कुंपणाच्या भिंती उष्णता ओकत असतात. संध्याकाळ ही व्यायामाची वेळ समुद्रकाठी. आपल्याकडे एप्रिल ते जून ती बाकावर बसण्याची वेळ आहे. म्हणून या तीन महिन्यांत फाटक पहाटे साडेचारला उघडावे आणि रात्री दहापर्यंत उघडे ठेवावे. दुपारी बंद राहिले तरी कोणाचे अडत नाही. मेच्या मध्यावर सूर्योदय साधारण 5:36 ला होतो, जानेवारीच्या मध्यावर 6:53 ला. दिव्यांचा टायमर मात्र एकदा लावला की वर्षभर तसाच. मग हिवाळ्यात लोक अंधारात चालतात आणि उन्हाळ्यात दिवसाउजेडी दिवे जळत राहतात. टायमर वर्षातून चार वेळा बदलायचा, एवढेच. व्यायामाच्या जागेवर 20 लक्स (लक्स हे उजेडाचे माप) उजेड पुरे, पण तो दोन बाजूंनी हवा, नाहीतर माणसाची स्वतःचीच सावली यंत्राच्या पायरीवर पडते.

सावलीत बहुतेक ठिकाणी चूक होते ती दिशेची. 26 मे हा नागपूरचा शून्य सावलीचा दिवस. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक दिवस) लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी. त्या काळात दक्षिणेला लावलेले झाड दुपारी यंत्रावर सावली टाकतच नाही. हवी ती सावली दोन प्रकारची : यंत्रे तापू नयेत म्हणून थेट वरून, आणि सकाळी सहा ते आठ व्यायाम करणाऱ्यांसाठी पूर्व-ईशान्येकडून. मे महिन्यात सूर्य ठीक पूर्वेला उगवत नाही, बराच उत्तरेकडे सरकून उगवतो. झाडांची रांग आखताना हे लक्षात ठेवावे. कडुनिंब आणि करंज यांना मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी येते, ऐन गरजेच्या वेळी झाड भरलेले असते. गुलमोहर मेमध्ये देखणा दिसतो, पण सावली विरळ आणि लाकूड ठिसूळ; वावधानात, म्हणजे वादळवाऱ्यात, त्याची फांदी यंत्रावर यायला वेळ लागत नाही. शोभेचे पाम लावणे तर आता पुरे.

झाड वाढेपर्यंत शेडनेट. चौकातल्या सिग्नलवर दुचाकीवाल्यांसाठी हिरव्या जाळ्या लावण्याची कल्पना शहराने करून दाखवलीच आहे; तीच जाळी उद्यानात आणायची. जाळी 75 टक्के ऊन अडवणारी, अतिनील किरणांना टिकणारी असे निविदेत लिहावे. उंची 3 ते 3.5 मीटर, त्याहून खाली आणली तर हवा कोंडते. महत्त्वाचे म्हणजे जाळी पाइपाला कायमची शिवू नये. ताणलेल्या तारेवर कड्यांनी सरकती ठेवली तर वादळाची सूचना आली की चौकीदार पाच मिनिटांत गुंडाळून बांधतो. घट्ट शिवलेली जाळी वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि खांब वाकतात, मग वर्षभर सांगाडा नुसताच उभा. फेब्रुवारीअखेर लावायची, पाऊस लागला की काढायची, ऑक्टोबरच्या उन्हासाठी पुन्हा.

सावली नसेल तर काय होते? 45 अंशांच्या उन्हात गडद रंगाचे लोखंड 65-70 अंशांपर्यंत तापते. 60 अंशांच्या धातूला पाच-सहा सेकंद हात चिकटला तरी भाजते. लाल-निळ्या रंगाऐवजी फिका राखाडी किंवा क्रीम घेतला तर फरक पडतो, पण सावलीला पर्याय नाही. रंगाचा प्रकारही पाहावा. स्वस्तातले पावडर कोटिंग (भुकटी भाजून बसवलेला रंग) बहुधा इपॉक्सी किंवा इपॉक्सी मिसळलेले असते. ते घरातल्या कपाटासाठी ठीक. उन्हात वर्ष-दोन वर्षांत त्याची भुकटी होते. बोट फिरवा, बोटाला पांढरे लागले तर समजा रंग संपला. निविदेत ‘शुद्ध पॉलिस्टर, बाह्य वापरासाठी’ असे स्पष्ट हवे. आणि काळी रबरी लादी उघड्यावर अंथरू नका. दुपारी तिच्यावर अनवाणी मूल उभे राहू शकत नाही.

आता पाया. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बंद पडलेल्या यंत्रांचा दोष बेअरिंगवर (फिरत्या सांध्यातल्या गोळ्यांच्या कड्यावर) टाकला जातो आणि खरे कारण जमिनीत असते.

शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सेमिनरी हिल्ससारख्या चढावर मुरूम लवकर लागतो, तिथे एवढा त्रास नाही. पण सपाटीवरच्या ले-आउटमध्ये ठेकेदार काय करतो? प्रत्येक खांबाला फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट, त्यात बोल्ट. दीड फुटावरची माती सगळ्यात जास्त हलते. प्रत्येक ठोकळा आपापल्या परीने वर-खाली होतो. एका खांबाचे यंत्र यात फक्त तिरपे होते. दोन खांबांच्या यंत्राची, म्हणजे डबल क्रॉस ट्रेनर (हात-पाय एकत्र चालवायचे यंत्र) किंवा समोरासमोरच्या एअर वॉकरची (लोंबत्या पायऱ्यांवर उभे राहून पाय मागेपुढे झुलवायचे यंत्र), एक बाजू 10 मिमी जरी उचलली गेली तरी मधला दांडा पिळला जातो, बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि ते खाल्ले जाते. लोक नवे बेअरिंग टाकतात, तेही सहा महिन्यांत जाते.

उपाय असा. आठ-दहा यंत्रांची सगळी जागा एकत्र धरावी. काळी माती निदान 60 सेंमी खोल काढून बाहेर न्यावी. तिथेच बाजूला ढीग लावला की पहिल्या पावसात ती परत येते. त्या जागी मुरूम, 15 सेंमीच्या थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून, रोलरने किंवा कंपन करणाऱ्या प्लेटने दाबून. एकदम दोन फूट मुरूम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा थर बसतो. त्यावर सळईची जाळी घातलेला 15 सेंमी जाडीचा सलग काँक्रीटचा स्लॅब, सगळ्या यंत्रांना एकच. खालची माती हललीच तर सगळे मिळून हलेल, पिळ पडणार नाही. स्लॅब आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 10-15 सेंमी उंच, उतार दीड टक्का, आणि कडेने मीटरभर रुंद पक्की पट्टी, म्हणजे पाणी काठाशी मुरत नाही. झाडांना घालायच्या पाण्याचा पाइप या स्लॅबजवळ सोडू नये, हे माळ्याला सांगून ठेवायचे. एका बाजूची माती रोज ओली आणि दुसरी कोरडी, याहून वाईट काही नाही.

काँक्रीट ओतायचा महिना नोव्हेंबर-डिसेंबर. मार्चअखेरची देयके काढण्यासाठी मार्चच्या भर दुपारी माल ओतायची घाई होते, तो माल वरून सुकतो, आतून कच्चा राहतो. ओला बारदाना टाकून दहा दिवस सतत ओलावा हवा. सकाळी एकदा पाइप मारून गेले की झाले, असे आपल्या हवेत चालत नाही. बोल्ट जागेवर ठेवण्यासाठी लोखंडी पट्टीचा साचा वापरावा. नजरेने उभे केलेले बोल्ट प्लेटच्या भोकांत बसत नाहीत आणि मग मिस्त्री भोक गॅसने मोठे करतो. ते कापलेले तोंड गंजायला मोकळे.

बेअरिंगकडे येऊ. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत 6204 किंवा 6205 क्रमांकाची बॉल बेअरिंग असतात. 6205 म्हणजे आतला व्यास 25 मिमी, बाहेरचा 52, रुंदी 15. बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळते. घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलेच घ्यावे. पत्र्याच्या झाकणाचे घेतले की धूळ आत जाते. एअर वॉकरचे बेअरिंग लवकर का जाते हेही सांगतो. ते पंख्याच्या बेअरिंगसारखे पूर्ण फिरत नाही. 40-50 अंशांच्या कोनात मागेपुढे होत राहते. गोळ्या त्याच त्या जागेवर घासतात, ग्रीस बाजूला सरकते आणि कड्यात खळगे पडतात. सहा महिन्यांनी बेअरिंगचे कडे पाव वळसा फिरवून बसवले तर आयुष्य वाढते. आणि चौकीदाराच्या खोलीतले जळके ऑइल वरून ओतणे ताबडतोब बंद करा. सीलबंद बेअरिंगच्या आत ते जात नाही. बाहेर धूळ धरून ठेवते आणि धूळ-तेलाचा लगदा सील खातो.

तपासणीला यंत्र लागत नाही. एअर वॉकरच्या पायरीला हात घालून ती आडवी हलवा. टोकाला 5 मिमीहून जास्त खेळ असेल किंवा कटकट आवाज येत असेल, तर बेअरिंग बदलायचे. बदलणे असे : आधी यंत्राला साखळी आणि ‘बंद’ची पाटी. टोपी काढायची, दोन पान्यांनी नट सोडायचा, दोघांनी मिळून यंत्राचा हात, म्हणजे पायरीचा झुलता दांडा, बाहेर घ्यायचा. सर्क्लिप प्लायरने कडी काढून जुने बेअरिंग पितळी किंवा लाकडी ठोकणीने बाहेर. बेअरिंगचे घर, म्हणजे ते बसते ती खोबण, रॉकेलच्या फडक्याने पुसून बोटाने चाचपायचे. कडे घरात फिरत राहिले असेल तर घर मोठे झालेले असते. तिथे नवे बेअरिंग ढिलेच बसणार, मग तो भाग काढून वर्कशॉपमध्ये बुश (आतून बसवायची नळी) घालून आणावा लागतो. घर ठीक असेल तर नवे बेअरिंग बाहेरच्या कड्यावर दाब देत बसवायचे. 6205 साठी 50 मिमी बाहेरमापाच्या पाइपाचा तुकडा ठेवून ठोकले की सरळ जाते. आतल्या कड्यावर हातोडी मारली तर बेअरिंग बसण्याआधीच गेले. शेवटी नायलॉनच्या कड्याचा नट, दर वेळी नवा, कारण एकदा सोडलेल्या नटाची पकड राहत नाही. आडवा खेळ जाईल इतपतच आवळायचा. पाय सोडल्यावर हात स्वतःहून तीन-चार झोके खाईल असा. सवयीच्या फिटरला तासाचे काम. एवढ्यासाठी महागडे यंत्र महिनोन्‌महिने बंद राहते, हे पटत नाही.

पाइपांच्या टोकांच्या प्लास्टिक टोप्या पोरे काढून नेतात. वरून क्षुल्लक, पण पाणी आत साचते, पाइप आतून गंजतो आणि डासांची सोय होते. प्रत्येक उभ्या पाइपाच्या तळाशी 8 मिमीचे भोक ठेवायला सांगा आणि टोप्या लोखंडी, वेल्ड केलेल्या घ्या. नाग नदीकाठच्या आणि सखल वस्त्यांतल्या उद्यानांत 2023 च्या सप्टेंबरसारखे पाणी शिरले, तर उतरल्यावर पाण्याखाली गेलेली सगळी बेअरिंग सरसकट बदलावीत. चालताहेत म्हणून ठेवली की गाळ आतून काम करतो.

पुढे कधी खरेदी कराच, तेव्हा यादीकडे दोनदा पाहा. ट्विस्टर (उभे राहून कंबर फिरवायची चकती), सर्फबोर्ड, शोल्डर व्हील यांनी अंग मोकळे होते, ताकद येत नाही. ट्विस्टरवर झटके देऊन गरागरा फिरणाऱ्यांची कंबर आमच्यापैकी काहींकडे उपचाराला येते. दोन्ही बाजूंना 45 अंशांहून जास्त फिरणार नाही असा अडसर त्याला असलाच पाहिजे. ज्यात एकही बेअरिंग नाही ते साहित्य सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत उपयोगी. आडवे बार तीन उंचींवर : 1 मीटर, 1.4 मीटर आणि 2.3 मीटर. पहिल्यावर वृद्ध माणूस हात टेकून उभ्याने जोर काढतो, दुसऱ्याला धरून तिरपे ओढण्याचा व्यायाम होतो, तिसरा तरुणांना. पाइप 32-34 मिमी, याहून जाड असला तर बायकांच्या आणि मुलांच्या मुठीत येत नाही. समांतर बार 1.25 मीटर उंच, दोन बारमधले अंतर 55 सेंमी. 20 आणि 40 सेंमीच्या दोन पायऱ्या. मल्लखांबाला आणि लाल मातीच्या आखाड्याला तर छप्पर सोडून काहीच लागत नाही, आणि तो शिकवणारे या शहरात अजून आहेत. जोर, बैठका, सूर्यनमस्कार यांसाठी सावलीतली स्वच्छ जागा एवढीच मागणी.

मुलांचे वेगळे. युरोपात 2015 पासून लागू असलेले ईएन 16630 हे मानक अशी यंत्रे 140 सेंमीहून कमी उंचीच्या मुलांसाठी नाहीत असे मानते. आपल्याकडे घसरगुंडीला लागूनच एअर वॉकर असतो आणि मूल झोक्याच्या मार्गात येते. खेळण्याच्या जागेपासून यंत्रे दूर, प्रत्येक यंत्राभोवती दीड मीटर मोकळी जागा, आणि खांबावर 140 सेंमीची ठळक रेघ. फलक मराठी आणि हिंदीत, अक्षर मोठे : कसे चढायचे, किती वेळ, कोणी करू नये. स्नायूंची इंग्रजी नावे कोणी वाचत नाही.

चालण्याच्या पट्ट्यावर गट्टू बसवायचा हट्ट सोडा. काळ्या मातीवर ते दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात, वृद्धांचे पाय अडखळतात आणि रोज पाच-सहा फेऱ्या मारणाऱ्यांचे गुडघे कुरकुरतात. मुरमावर गिट्टीची चुरी दाबून केलेला पट्टा, दोन मीटर रुंद, दोन टक्के आडवा उतार. वर्षातून एकदा चुरी टाकून रोलर फिरवला की पुन्हा नवा. तसेच झाडून गोळा केलेला पाचोळा तिथेच पेटवू नये. हिवाळ्याच्या सकाळी तो धूर जमिनीलगतच राहतो आणि लोक खोल श्वास घेत त्यातून चालतात.

पाणी आणि प्रथमोपचार. यंत्रांपासून 30-40 पावलांवर नळ हवा, फाटकाशेजारी नको. लांब असला की कोणी जात नाही. फलकावर लिहा : निघण्याआधी दोन ग्लास, मग दर 15-20 मिनिटांनी अर्धा ग्लास. तासाहून जास्त घाम गाळणाऱ्यांनी लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून आणावे, चमचा चहाचा. चौकीदाराकडे ओआरएसची पाकिटे, दोन सुती चादरी, पाण्याचा मग आणि भरलेला ड्रम असावा. उष्माघाताची खूण त्याला शिकवून ठेवा : माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, अंग भाजते. घाम थांबलेलाच असतो असे नाही. व्यायाम करताना ऊन लागले तर अंग घामाने निथळतही असते. आधी गार करायचे आणि त्याच वेळी 108 ला फोन. सावलीत आडवे करून ओली चादर पांघरायची, पाणी ओतत राहायचे, पुठ्ठ्याने वारा घालायचा. मेमधल्या आपल्या कोरड्या हवेत हे झपाट्याने काम करते. मान, काखा आणि जांघेत बर्फ. उद्यानाबाहेरच्या रसवंतीवर तो मिळतोच. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही, आणि कांदा हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही.

राहिला करार. दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत) असतो, पण त्यात ‘बिघाड’ म्हणजे काय हे लिहिलेले नसते, म्हणून ठेकेदार येत नाही. लिहा : आडवा खेळ 5 मिमीहून जास्त, खांब 1 मीटर उंचीत 10 मिमीहून जास्त कललेला, रंग उखडून लोखंड उघडे, नट किंवा टोपी गायब, यांपैकी काहीही झाले तर सात दिवसांत दुरुस्ती, नाहीतर अनामतीतून दंड. प्रत्येक यंत्रावर रंगाने क्रमांक घाला. ‘ती मधली सायकल मोडली’ अशा तक्रारीवर फिटर चुकीच्या उद्यानात जातो. खरेदीबरोबरच प्रत्येक दहा यंत्रांमागे 12 बेअरिंग, 20 नट आणि टोप्यांची एक पेटी झोन कार्यालयात जमा करून घ्या.

कामाचा क्रम आमच्या मते असा लागतो. ऑक्टोबरमध्ये सगळ्या यंत्रांना क्रमांक आणि तपासणी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ज्यांचे खांब कलले आहेत त्यांचे पाये. जानेवारीत बेअरिंग आणि रंग. फेब्रुवारीअखेर जाळ्या. 1 एप्रिलपासून पहाटे साडेचारचे फाटक. सगळीकडे एकदम जमणार नसेल तर प्रत्येक झोनमध्ये एक उद्यान घ्या, शक्यतो काळ्या मातीवरचे, म्हणजे खरी परीक्षा होईल.

बेअरिंग बदलणे, खांबाचा कल मोजणे आणि जाळी सरकती बांधणे हे आम्ही उद्यान कामगारांना आणि फिटरना एका रविवारी सकाळी शिकवू शकतो, मोबदल्याशिवाय. जागा तुम्ही ठरवा. पाने, प्लायर आणि ठोकणी आमची. बंद पडलेले एक यंत्र आणि दोन 6205 बेअरिंग तेवढी तयार ठेवा.

आपले,
खुल्या मैदानावर व्यायाम शिकवणारे आणि यंत्रे दुरुस्त करणारे काही नागपूरकर